छाती उघडल्यावर मॉनिटरवर सीओटू ३६ आणि रक्तात ५८, असं का होतं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. इंदूरच्या एका क्लिनिकमधे इंटर्नशिप करणाऱ्या डॉक्टरताईंनी विचारलंय. एबी रोडवर गाडीने ठोकलेला २२ किलोचा देशी कुत्रा, डायफ्रॅम (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) फाटून लिव्हर आणि आतडी छातीत गेलेली, दोन आठवडे तसाच राहिलेला, मग ऑपरेशनला घेतला. भुलीला आयसोफ्लुरेन, शंभर टक्के ऑक्सिजन, श्वासासाठी बॅग हाताने दाबत होते. पोट उघडून अर्धा तास झाला तेव्हा मॉनिटरवर एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९९ आणि ईटीसीओटू (सोडलेल्या श्वासाच्या शेवटचा सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड) ३६, सगळे निश्चिंत. तेवढ्यात मागच्या पायाच्या धमनीतलं सॅम्पल लावलं तर पीएच ७.१८, पीएसीओटू (धमनीच्या रक्तातला सीओटूचा दाब) ५८, पीएओटू (तसाच ऑक्सिजनचा) १६५, बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल झेलणारा क्षार) २१. कुत्र्याचं तापमान ३४.५. त्यांचं विचारणं असं की मशीन खराब होतं का, कोणाचं खरं धरायचं, आणि सोडाबायकार्ब द्यायला हवं होतं का.

मशीन खराब नव्हतं, मॉनिटरही नाही. कॅप्नोग्राफ, म्हणजे मॉनिटरचा ईटीसीओटूचा भाग, बाहेर येणारी हवा मोजतो आणि गॅस मशीन रक्त मोजतं, आणि छाती बंद असताना या दोघांत २ ते ५ मिमी पाऱ्याइतकाच फरक असतो म्हणून आपल्याला सवय लागते की एक बघितलं की दुसरं कळलं. छाती उघडली की हे नातं तुटतं. ज्याने ओपन चेस्टची भूल द्यायचं ठरवलंय त्याने ही एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवायची, बाकी सगळं यातूनच निघतं.

आता होतं काय ते बघा. फुफ्फुसं मुळात आकसायलाच बघत असतात, छातीच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ५ सेंमी पाण्याइतका कमी असतो म्हणून ती फुगलेली राहतात. भोक पडलं की तो फरक गेला, फुफ्फुस आपल्याच लवचीकपणाने खाली बसतं. कुत्र्यात दोन बाजूंमधला पडदा, मीडियास्टिनम, इतका नाजूक की डावी बाजू उघडली म्हणजे उजवी शाबूत आहे असं धरून चालताच येत नाही. जनावर स्वतःहून श्वास घेत असेल तर ते जितका जोर लावेल तितकी हवा श्वासनळीऐवजी जखमेतून आत येणार, मीडियास्टिनम या बाजूचा त्या बाजूला हलणार, मोठ्या शिरा दबणार, आणि मिनिटांत सीओटू वर आणि ऑक्सिजन खाली. म्हणून बॅग किंवा व्हेंटिलेटर लागतोच. आणि डायफ्रॅमॅटिक हर्नियात, म्हणजे तुमच्या कुत्र्यासारखं डायफ्रॅम फाटून पोटातलं छातीत गेलेलं असताना, छाती तुम्ही कधी उघडता? पोटाला पहिला काप देता तेव्हाच, कारण डायफ्रॅम आधीच फाटलेला आहे, हवा सरळ वर जाते. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, ते हर्नियाची रिंग दिसेपर्यंत जनावराला आपल्या श्वासावर ठेवतात. श्वास आपल्या हातात पोट उघडायच्या आधीच घ्यायचा.

इथे एक जुनी गोष्ट सांगतो कारण सगळा विषय तिच्यात आहे. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६४ मधे उघड्या छातीच्या कुत्र्याला भात्याने हवा देऊन जिवंत ठेवलं, पण त्याचे हाल बघून असला प्रयोग परत करायला मन होत नाही असं त्याने रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाला लिहिलं. तरी १६६७ मधे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे परत केला, यावेळी फुफ्फुसांच्या वरच्या आवरणाला बारीक भोकं पाडून हवेचा सतत झोत सोडला, फुफ्फुसं फुगलेली पण हलत नव्हती, आणि कुत्रा जगला. म्हणजे हलणं महत्त्वाचं नाही, ताजी हवा पोचणं महत्त्वाचं. हे अर्धं सत्य. दुसरं अर्धं १९४४ मधे ड्रेपर आणि व्हाइटहेड यांच्या कुत्र्यांवरच्या कामात नीट दिसलं, आधी शुद्ध ऑक्सिजन देऊन मग श्वास पूर्ण थांबवला तरी रक्तातला ऑक्सिजन बराच वेळ टिकतो, सीओटू मात्र चढतच जातो, कारण त्याला बाहेर पडायला हवेची ये-जा लागते. त्या जनावरांनी जे सोसलं त्यातून आपल्याला हे कळलंय, तर ते टेबलावर वापरलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या केसमधे हेच झालं. शंभर टक्के ऑक्सिजनवर एसपीओटू ९९ म्हणजे एवढंच कळतं की पीएओटू साधारण शंभराच्या वर कुठेतरी आहे. ५०० असला तरी ९९, १६५ असला तरी ९९. निरोगी फुफ्फुसाच्या कुत्र्याला शुद्ध ऑक्सिजनवर ५०० च्या आसपास अपेक्षा धरतो, तुमच्याकडे १६५, म्हणजे फुफ्फुसाचा बराच भाग रक्ताला ऑक्सिजन देतच नव्हता आणि मॉनिटरला त्याचा पत्ताही नव्हता.

आपल्या इंदूरचं म्हणून एक वेगळं सांगतो. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहोत, शेजारचं महू त्याहून थोडं वर, हवेचा दाब ७६० नाही तर साधारण ७१३ धरा. त्यातून पाण्याच्या वाफेचे ४७ काढले की ६६६ उरले, त्याचे २१ टक्के १४०, आणि सीओटू ४० असेल तर त्याला ०.८ ने भागून ५० वजा, राहिले ९०, हा फुफ्फुसाच्या पिशव्यांतला ऑक्सिजन. मुंबईत हाच आकडा शंभरच्या आसपास येतो. म्हणजे इथे साध्या हवेवरच्या धडधाकट कुत्र्याचा पीएओटू ८० ते ८५ आला तर पुस्तकातला ९५ बघून घाबरायचं कारण नाही. आता याच हिशोबात सीओटू ६० घाला, १४० वजा ७५, राहिले ६५! फुफ्फुसं ठणठणीत असली तरी. म्हणजे टेबलावर ऑक्सिजनच्या आड लपलेला सीओटू ऑक्सिजन काढल्याबरोबर जीवावर येतो, रिकव्हरीच्या पिंजऱ्यात, जेव्हा सगळे चहाला गेलेले असतात.

आता तो ३६ आणि ५८ चा फरक. कुशीवर झोपवून बरगड्यांमधून आत गेलात, पीडीएसाठी (हृदयाजवळ जन्मापासून उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधायला) डाव्या चौथ्या फटीतून जातो तसं, तर वरचं फुफ्फुस उघडं पडतं, त्याला छातीच्या भिंतीचा अडसर राहत नाही, ते सहज फुगतं, आणि बॅगेतली बरीचशी हवा तिकडेच जाते. रक्त मात्र वजनाने खालच्या फुफ्फुसात. नर्मदेचं पाणी वरच्या गल्लीत सुटलंय आणि लोक बादल्या घेऊन खालच्या गल्लीत उभे, तसं. वर हवा आहे रक्त नाही, ती हवा सीओटू न घेताच परत येते आणि बाकीच्या हवेत मिसळून कॅप्नोग्राफचा आकडा खाली ओढते. खाली रक्त आहे हवा नाही, ते रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जातं, तो शंट. वरून सर्जन ओल्या स्वॅबने फुफ्फुस बाजूला दाबून धरतो तेव्हा शंट आणखी वाढतो. तुमचा कुत्रा उताणा होता, त्यात पाठीकडचा भाग दबलेला, वर दोन आठवडे लिव्हरखाली चेपलेलं फुफ्फुस, तत्त्व तेच. बंद पडलेल्या भागातल्या रक्तवाहिन्या आकसून रक्त चांगल्या भागाकडे वळवायची शरीराची सोय असते, पण आयसोफ्लुरेन जितकं जास्त तितकी ती सोय बोथट होते, म्हणून मी अशा केसमधे फेंटानिल हे वेदनाशामक चालू ठेवून आयसो कमीत कमी ठेवतो.

आणि तिसरं कारण जे लोक विसरतात ते हृदय. हृदयातून रक्त कमी निघालं, वेना कावा (हृदयाकडे रक्त आणणारी मोठी शीर) दबली, लिव्हर ओढताना पिळली गेली, की फुफ्फुसात सीओटू पोचतच नाही आणि ईटीसीओटू पडतो. बॅग त्याच वेगाने चालू आहे आणि ईटीसीओटू अचानक ३८ वरून २४ झाला तर "वाह, व्हेंटिलेशन छान चाललंय" म्हणून बॅग हळू करायची नाही, आधी बीपी बघायचं आणि सर्जनला हात काढायला सांगायचं.

तुमच्या आकड्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. मशीन सॅम्पल ३७ डिग्रीला तापवून मोजतं. कुत्रा ३४.५ वर होता, थंड रक्तात सीओटूचा दाब कमी असतो, डिग्रीमागे साडेचार टक्के धरा, म्हणजे त्याच्या अंगातला खरा पीएसीओटू ५२ च्या आसपास. कॅप्नोग्राफ कुत्र्याच्या अंगातून आलेली हवा मोजतो, तर तुलना ५२ शी करायची, फरक २२ नाही, १६. तरीही भरपूरच. मात्र उपचार ठरवताना, पीएच आणि सीओटू बरे का वाईट हे बघताना, मी ३७ चेच आकडे वाचतो, तापमानाने बदललेले नाही, नाहीतर दर वेळी नवं नॉर्मल शोधत बसावं लागतं.

आता पीएच. ७.१८ फक्त सीओटूमुळे आहे का? कुत्र्यात सीओटू अचानक चढला तर दर १ मिमीमागे बायकार्बोनेट साधारण ०.१५ वाढतं. ३८ वरून ५८, म्हणजे २० मिमी, म्हणजे २२ चं बायकार्बोनेट २५ व्हायला हवं होतं. तसं असतं तर पीएच ७.२५ च्या आसपास आला असता. तुमच्याकडे २१ आहे, म्हणजे ४ कुठेतरी खर्च झाले, त्यांनी आम्ल झेललं. ही दुसरी मेटाबॉलिक आम्लता, आणि उघड्या छातीच्या थंड कुत्र्यात तिचा पहिला संशय कमी रक्तप्रवाहावर. लॅक्टेट (रक्तप्रवाह कमी पडला की रक्तात वाढतं ते) केलं असतं तर कळलं असतं. म्हणजे एका सॅम्पलमधे तीन गोष्टी निघाल्या, हवा कमी पडतेय, फुफ्फुसाचा भाग बंद आहे, आणि अंगात रक्त नीट फिरत नाहीये, आणि मॉनिटरवर तिन्हीपैकी एकही दिसत नव्हती.

सोडाबायकार्ब नाही द्यायचं, या घडीला तर अजिबात नाही. बायकार्बोनेट आम्लाशी मिळून सीओटूच बनवतं, आणि तुमच्याकडे सीओटू बाहेर टाकायचाच वांधा आहे. आधी व्हेंटिलेशन सुधारा, बीपी सुधारा, कुत्र्याला गरम करा, पीएच बहुतेक वेळा आपोआप वर येतो.

मग करायचं काय? आधी श्वासनळीतली ट्यूब, खूप आत जाऊन एकाच ब्राँकसमधे (श्वासनळीच्या फांदीत) तर नाही ना, कनेक्शन सुटलं नाही ना, कफ गळत नाही ना. मग छातीत बघा, ओपन चेस्टमधे हा एक फायदा आहे की फुफ्फुस डोळ्यांनी दिसतं. फुगलेला भाग फिकट गुलाबी, स्पंजासारखा, बॅगेबरोबर वरखाली होणारा, आणि बंद पडलेला भाग काळपट लाल, लिव्हरच्या रंगाचा, कडा आत वळलेल्या, बॅग दाबली तरी जागचा न हलणारा. सर्जनला स्वॅब काढायला सांगा, चार-सहा श्वास द्या, मग परत झाका, दर काही मिनिटांनी हे करत राहायचं आणि सर्जनने त्याला कटकट समजायचं नाही. श्वास मोठा करण्यापेक्षा संख्या वाढवा. छाती उघडी असताना भिंतीचा अडसर नसतो म्हणून तेवढीच हवा कमी दाबात जाते, १० ते १५ सेंमी पाण्यात बहुतेक काम भागतं, किलोमागे १० मिली किंवा त्याहून थोडं कमी, मिनिटाला १५ ते २० श्वास. हाताने बॅग दाबत असाल तर सर्किटचा मॅनोमीटर डोळ्यांसमोर हवाच, हाताला दाबाचा अंदाज येत नाही. ३ ते ५ सेंमी पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब) द्या, पण बीपी पडलेलं असेल तर आधी फ्लुइड आणि हृदयाला जोर देणारं डोब्युटामीन, नाहीतर पीप हृदयाकडे येणारं रक्त अजून कमी करेल. नायट्रस ऑक्साइड या केसमधे नको, बंद जागेतली हवा तो फुगवतो. सीओटू पन्नाशीत राहिला आणि पीएच ७.२५ च्या वर असला तर मी ते चालवून घेतो, ४० च्या हट्टापायी फुफ्फुस ताणण्यापेक्षा बरं. उलट घाबरून जोरजोरात बॅग मारून सीओटू २५ वर नेणं तेवढंच वाईट, मेंदूचा रक्तपुरवठा आटतो, पोटॅशियम पडतं, आणि सततच्या दाबाने हृदय रिकामं राहतं.

आणि इथे माझं कळकळीचं सांगणं. दोन आठवडे चेपलेलं ते काळपट फुफ्फुस बघून मोह होतो की एक दणकट श्वास देऊन, ३० सेंमीला धरून, ते एकदाचं गुलाबी करून टाकावं. ताज्या ॲटेलेक्टेसिसमधे (फुफ्फुस नुकतंच बसलेलं असताना) १५-२० सेंमीला काही सेकंद धरणं ठीक आहे. जुन्या हर्नियात करू नका. एकदम उघडलेल्या जुन्या फुफ्फुसात पाणी भरतं, आणि ते टेबलावर नाही तर पुढच्या काही तासांत, मांजरात तर फारच. छाती बंद करताना शेवटची गाठ मारण्याआधी सगळी हवा ओढून घ्यायची गरज नाही, ड्रेन (छातीतून बाहेर काढलेली नळी) ठेवा आणि हवा हळूहळू, काही तासांत काढा, ते फुफ्फुस आपल्या वेळेने उघडू द्या. ऑक्सिजनचा आकडा त्या रात्री थोडा कमी दिसेल, दिसू द्या.

सॅम्पलचं सांगतो, कारण निम्मे गोंधळ तिथेच होतात. मागच्या पायाच्या डॉर्सल पेडल धमनीत २२ किंवा २४ गेजची कॅन्युला भूल दिल्यावर लगेच टाकून ठेवा, छाती उघडल्यावर बीपी पडलं की ती नाडी सापडत नाही. हेपरिन सिरिंजला आतून लागेल एवढंच, उरलेलं झटकून टाका, जास्त राहिलं तर सीओटू आणि बायकार्बोनेट दोन्ही खोटे कमी येतात. बुडबुडा दिसला तर तिथल्या तिथे काढा. शुद्ध ऑक्सिजनवरच्या रक्ताला बुडबुडा लागला तर पीएओटू खाली येतो, साध्या हवेवरच्या रक्तात उलट वर जाऊ शकतो, सीओटू दोन्हीकडे कमी दिसतो. दहा-पंधरा मिनिटांत मशीनला लावा. आपल्याकडे बरीच क्लिनिकं मुलाला स्कूटरवर देऊन माणसांच्या लॅबमधे पाठवतात, मे महिन्याच्या दुपारी ते सॅम्पल पलासियाच्या सिग्नलला उभं राहिलं की पेशी ऑक्सिजन खात राहतात, सीओटू आणि लॅक्टेट वाढत राहतं, आणि तुम्ही लॅबच्या ट्रॅफिकवर उपचार करता. उशीर होणारच असेल तर काचेची सिरिंज आणि बर्फाचं पाणी, प्लॅस्टिकची नको, थंड प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन आरपार जातो.

धमनी मिळालीच नाही तर मानेतल्या जुग्युलर शिरेचं सॅम्पल घ्या, काही न घेण्यापेक्षा कितीतरी बरं. शिरेतला सीओटू धमनीपेक्षा ४ ते ६ ने जास्त असतो, तेवढा वजा करून अंदाज येतो, पीएच आणि लॅक्टेट तर चांगलंच कळतं. ऑक्सिजनसाठी मात्र ते फुफ्फुसाबद्दल काही सांगत नाही. आणि रक्तप्रवाह कमी झाला की हा फरक ४-६ चा राहत नाही, खूप वाढतो, म्हणून पडलेल्या बीपीत शिरेच्या सीओटूवर विसंबू नका.

म्हशींचं कोणीतरी विचारणारच. आपल्या माळव्यात म्हशीचा डायफ्रॅमॅटिक हर्निया काही दुर्मिळ नाही, तार-खिळा खाल्लेला, रेटिक्युलम (पोटाचा एक कप्पा) छातीत गेलेलं, फुफ्फुसाला किंवा पेरिकार्डियमला (हृदयाच्या आवरणाला) चिकटलेलं. आधी रुमेनोटॉमी करून, म्हणजे रुमेन हा पोटाचा मोठा कप्पा उघडून, पोट रिकामं करतात ते गॅससाठीही फार महत्त्वाचं, उताण्या म्हशीत भरलेलं रुमेन डायफ्रॅमवर बसलं की छाती न उघडताच सीओटू चढतो. चिकटलेलं सोडवताना छातीत हवा शिरते, तो क्षण सर्जनने मोठ्याने सांगायचा आणि त्याच्या आधी ट्यूब आणि मोठी बॅग लावून तयार असायचं. सॅम्पल कानाच्या धमनीतून छान मिळतं.

सॅम्पल कधी कधी घ्यायचं तर माझी पद्धत अशी: भूल दिल्यावर छाती उघडण्याआधी एक, उघडून दहा-पंधरा मिनिटांनी एक, बंद करून ड्रेन लावल्यावर एक, आणि ट्यूब काढून अर्ध्या तासाने, ऑक्सिजनशिवाय जमत असेल तर साध्या हवेवर एक. पैशांची अडचण असेल आणि मालकाला दोनच परवडत असतील तर दुसरं आणि चौथं घ्या. दुसऱ्याने तुम्हाला पीएसीओटू आणि ईटीसीओटूमधला त्या जनावराचा फरक कळतो, मग पुढे ईटीसीओटूमधे तो फरक मिळवून वाचत राहता येतं, जोपर्यंत बीपी आणि सर्जनच्या हाताची जागा फारशी बदलत नाही तोपर्यंत. चौथ्यात दुखण्यामुळे जनावर उथळ श्वास घेतंय का ते दिसतं. बरगड्यांमधून गेला असाल तर कापाच्या पुढच्या-मागच्या दोन-दोन फटींत ब्युपिव्हाकेनचा (जागा बधिर करणाऱ्या औषधाचा) ब्लॉक छाती बंद करण्याआधीच द्या, एकूण डोस किलोमागे दीड मिलिग्रॅमच्या आत. दुखणं थांबलं की कुत्रा खोल श्वास घेतो आणि सीओटू नुसत्या त्यानेच खाली येतो. त्या चौथ्या सॅम्पलमधे पीएओटू ६० च्या खाली आणि सीओटू ५० च्या वर दिसला तर कुत्रा पिंजऱ्यात नेऊ नका, नाकातून ऑक्सिजन सुरू करा, ड्रेन ओढून बघा, आणि एका माणसाला त्याच्याजवळ बसवा.